कागद माह्याजवळ, वावर त्यायच्याजवळ: घटस्फोटाच्या तडजोडनाम्याची एक दरखास्त

जानेवारी २०२४. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीत त्या दिवशी वकील म्हणून माझी पाळी होती. कापसाची वेचणी जोरात असली की बाया कोर्टाकडे फिरकत नाहीत. तेव्हा किलोमागे आठ-दहा रुपये मिळायचे, दिवस मोडला की तेवढे गेले. तरी एक बाई रोज बुडवून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाची) प्रमाणित नक्कल आणि पासबुक काढलं, आणि मग मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. चावडीवर लागलेल्या फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाच्या, नोटिशीचा फोटो होता तो. पुतण्याने काढून दिलेला.

"मॅडम, कागद तं माह्याजवळ हाये, पण वावर त्यायच्याजवळ हाये."

तिच्या संमतीने हे प्रकरण मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग मात्र जसा घडला तसाच आहे.

तडजोड कशी झाली होती

लग्न २००८ चं. मुलगी २०१० ची, मुलगा २०१४ चा. २०१८ पासून ती माहेरच्या गावी, सासरपासून नऊ किलोमीटरवर. २०१९ मध्ये तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली खावटीचा (पोटगीचा) अर्ज केला. पुढे दोन्हीकडचे चार लोक बसले, आणि मार्च २०२१ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट झाला. गावात बऱ्याच ठिकाणी अजूनही स्टॅम्पवर फारकत लिहून घेतात आणि सगळे तो घटस्फोट समजतात. तशी रूढी सिद्ध करता आली नाही तर त्या कागदाला किंमत नसते. इथे निदान रीतसर हुकूमनामा होता, आणि तडजोडीची पुरसीस, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेलं निवेदन, त्याचाच भाग होती.

पुरसिशीत चार कलमं होती. पहिलं: नवरा बायको-मुलांच्या खावटीपोटी दरमहा ४,००० रुपये "शेतीच्या उत्पन्नातून" देईल. दुसरं: वडिलोपार्जित शेतीपैकी दोन एकर जिरायत "लवकरात लवकर" बायकोच्या नावे करून देईल. तिसरं: मुलीच्या शिक्षणाचा आणि लग्नाचा "योग्य तो" खर्च करेल. चौथं: बायको १२५ चा अर्ज मागे घेईल आणि यापुढे खावटी मागणार नाही.

वाचताना सगळं मिळाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी कोर्टाबाहेर पेढेही वाटले गेले, असं तिनेच सांगितलं. मी मात्र कोणताही तडजोडनामा हातात आला की दोन माणसं डोळ्यांसमोर आणते: बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस, आणि तलाठी. बेलिफाला हे कलम वाचून नेमकं काय उचलायचं, कुणाकडून आणि कोणत्या तारखेनंतर, ते कळेल का? तलाठ्याला सातबाऱ्यावर काय लिहायचं ते कळेल का? दुसऱ्या कलमात गट क्रमांक नाही, चतुःसीमा नाही, तारीख नाही. आणि सातबारा पाहिला तर बारा एकरांवर तीन नावं सामाईक: सासरा, नवरा, दीर. सासरा आणि दीर तडजोडीत पक्षकारच नव्हते.

असा मजकूर लिहिणाऱ्या वकिलाला मी दोष देणार नाही. तारखेच्या दिवशी, दोन्हीकडचे लोक बाकावर खोळंबलेले असताना, "लवकरात लवकर" लिहून मोकळं होण्याचा मोह मलाही झाला आहे आणि मी तसं लिहिलंही आहे. म्हणूनच हे सगळं सविस्तर सांगते.

पुढे काय झालं

सोळा महिने पैसे आले. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत त्या पट्ट्यातली पिकं गेली आणि ऑगस्टपासून खावटी थांबली. तिने पहिलं वर्ष काही बोलायचं टाळलं. "त्यायचंबी पानी पानी झालं होतं," असं ती म्हणाली. जानेवारी २०२४ पर्यंत अठरा महिन्यांचे ७२,००० रुपये थकले होते.

वावराचं वेगळंच झालं. २०२१ आणि २०२२ अशा दोन्ही खरिपांत तिने त्यातले दोन एकर तोंडी बोलीवर स्वतः पेरले होते. जून २०२३ मध्ये दिराने तिला धुऱ्यावरच (बांधावरच) अडवलं. डिसेंबरात नवऱ्याने आपला सगळा हिस्सा वडिलांच्या नावे हक्कसोड करून नोंदवून टाकला, एक रुपयाही मोबदला न घेता. चावडीवरची नोटीस त्या हक्कसोडीच्या फेरफाराची होती.

ती आधी पोलीस ठाण्यात गेली होती. हे दिवाणी आहे असं तिथे सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग तहसीलसमोरच्या अर्जनविसाकडून तिने "खावटी न दिल्याबद्दल अटक करावी" असा अर्ज लिहून घेतला. तो कुठे द्यायचा हे मात्र कुणी सांगितलं नाही.

पहिलं काम: पंधरा दिवस

पहिलं काम कोर्टातलं नव्हतंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. आमच्याकडे चार उरले होते. हुकूमनाम्याची नक्कल जोडून हरकत दिली आणि नोंद तक्रारी नोंदवहीत गेली. नोंदणीकृत दस्त समोर असताना मंडळ अधिकारी मालकीचा निवाडा करू शकत नाही. पुढे तो फेरफार मंजूरही झाला. पण या जमिनीवर एका बाईचा दावा आहे आणि तो सासऱ्याला ठाऊक आहे, हे त्या हरकतीमुळे सरकारी कागदावर आलं. त्याचा उपयोग नंतर झाला.

खावटीचे पैसे: कोणत्या दाराने?

अर्जनविसाचा अर्ज चुकीच्या समजुतीवर होता, आणि ती समजूत सगळीकडे आहे. कलम १२५ चा आदेश मोडला की मॅजिस्ट्रेट वॉरंट काढतो, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पण तिने १२५ चा अर्ज मागे घेतला होता. तिच्या हातात होता तो विवाह कायद्याखालचा हुकूमनामा. त्याची वसुली कलम २८-अ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली दरखास्तीने, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जाने, होते.

यात तोटा आहे तसा एक फायदाही आहे. १२५ खाली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. दरखास्तीला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे बारा वर्षं, आणि दरमहाच्या रकमेत ती प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापासून मोजतात. त्यामुळे अठराचे अठरा महिने मुदतीत होते.

फेब्रुवारीत दरखास्त दाखल केली. बायकांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, आणि पोटगी व मालमत्तेच्या वादांत महाराष्ट्रात त्यांना कोर्ट फीही माफ आहे. त्यामुळे खर्च एसटीचाच, तोही आता अर्ध्या तिकिटाचा. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली होती, म्हणून आदेश २१ मधल्या नियम २२ ची नोटीस नवऱ्याला आधी काढावी लागली. ती विसरली तर पुढची जप्तीच कायद्यात अडकते.

जप्त काय करायचं, हा विदर्भात अवघड प्रश्न आहे. कास्तकाराचे बैल, अवजारं, पेरणीचं बियाणं आणि राहतं घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्तीतून सुटतात. सुटायलाच हवेत. कापूस त्याने खाजगी व्यापाऱ्याला भावाच्या नावाने घातला होता. नियम ४१ खाली आम्ही त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यात एक बँक खातं निघालं आणि खात्यात ११,४०० रुपये. ते मिळाले.

"त्याले आत टाका ना मॅडम," तिचा भाऊ प्रत्येक तारखेला म्हणायचा. दिवाणी कैद आहे, पाच हजारांवरच्या रकमेला तीन महिन्यांपर्यंत. पण ऐपत असून तो देत नाही हे कोर्टाला आधी पटवावं लागतं, आणि कैदेतल्या माणसाचा खाण्याचा भत्ता दरखास्त करणाऱ्यानेच भरायचा असतो. तिला हे समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "लेकरायचा बाप हाये तो. आन् पैसे बी मीच भरू?" तो विषय तिथे संपला.

दोन एकरांचा पेच

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं: माझ्या नावावर आता काहीच नाही, देऊ कुठून? सासऱ्याने नियम ५८ खाली हरकत घेतली: जमीन माझी आहे, हुकूमनामा माझ्याविरुद्ध नाही.

यात तथ्य होतं, आणि ते लपवून उपयोग नव्हता. तडजोडीचा हुकूमनामा दाव्याच्या विषयाबाहेरच्या स्थावराला हात घालत असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो नोंदवावा लागतो. घटस्फोटाच्या अर्जात शेतीचा उल्लेखही नव्हता. म्हणजे तिला हुकूमनाम्याने दोन एकर मिळाले नव्हते, दस्त करून घेण्याचा हक्क मिळाला होता. असा दस्त नवरा करून देत नसेल तर नियम ३४ खाली आपण मसुदा दाखल करतो आणि त्याच्या वतीने कोर्ट सही करून देतं. पण मसुद्यात लिहायचं काय? कोणते दोन एकर? दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्यात नसलेली चतुःसीमा भरून देऊ शकत नाही.

मी तो तडजोडनामा पुन्हा पुन्हा वाचत होते. पहिल्या कलमातले "शेतीच्या उत्पन्नातून" हे दोन शब्द तेव्हा नजरेत भरले. ते सहज लिहिले गेले असावेत. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ मध्ये नेमकी हीच गोष्ट आहे. एखाद्याला स्थावराच्या उत्पन्नातून खावटीचा, किंवा लग्नाच्या तजविजीचा हक्क असेल आणि ते स्थावर दुसऱ्याकडे गेलं, तर घेणाऱ्याला हक्काची माहिती असल्यास किंवा हस्तांतर विनामोबदला असल्यास तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही चालतो. इथे मोबदला शून्य होता, आणि माहिती घरातलीच होती. दोन एकरांसाठी ही कळ चालत नव्हती, पण खावटीसाठी ती जमिनीपर्यंत पोचवत होती. जोडीला, धनकोला (ज्याचे पैसे येणं आहेत त्याला) चुकवण्यासाठी केलेल्या हस्तांतराबद्दलचं कलम ५३ होतं.

या आधारावर नवऱ्याच्या मूळ हिश्श्याइतकी, म्हणजे चार एकरांची जप्ती आम्ही मागितली. सासऱ्याच्या हरकतीचा निकाल होईपर्यंत ती अंतरिम मिळाली. नियम ५४ प्रमाणे आदेश जमिनीवर, कोर्टात, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावतात, आणि गावात पुकारतात. एप्रिलच्या उन्हात बेलिफ आणि कोतवाल गावात दवंडी देऊन गेले. तलाठ्याने सातबाऱ्याच्या "इतर अधिकार" रकान्यात कोर्टाच्या मनाईची नोंद घेतली.

कलम ३९ चा मुद्दा मात्र निकालापर्यंत गेलाच नाही, त्यामुळे तो आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. काम केलं ते त्या रकान्याने. मे महिना पीककर्जाचा. सोसायटी सातबारा आणि आठ-अ बघते. म्हातारा मिरगाच्या आधी सोसायटीत गेला आणि रिकामा परत आला. त्यानंतर तो स्वतः माझ्या खोलीत आला, दोन्ही मुलांना न सांगता.

"सोसायटीवाला म्हनते, कोर्टाचा बोजा हाये, कर्ज भेटत नाई. मॅडम, नातवायले द्याचं नाई असं मी कई म्हनलं?"

कागदावर तो विरुद्ध पक्षकार होता, आणि त्याचा वकील वेगळा होता. म्हणून त्याच्या वकिलाला फोन लावून त्यांच्यासमोरच पुढचं बोलणं झालं. इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. मूळ तडजोडीत या माणसाला कुणी बसवलंच नव्हतं. जमीन त्याच्याही नावावर, आणि पुरसिशीवर त्याची सही नाही. त्याला आडमुठा ठरवण्याआधी हे मान्य करायला हवं.

दुसरा कागद

जुलै २०२४ च्या लोक अदालतीत नवी तडजोड झाली. सासरा आणि दीर दोघेही पक्षकार म्हणून सहीला. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नसतं.

थकबाकी तोवर चोवीस महिन्यांची, ९६,००० झाली होती. बँकेतून मिळालेले ११,४०० वजा करून ८४,६०० उरले. त्यातले ३४,६०० त्याच दिवशी, आणि ५०,००० दोन हप्त्यांत, ३१ जानेवारी आणि ३१ मार्च २०२५ ला. कापूस घरात येतो आणि विकला जातो त्या तारखा धरल्या. कास्तकाराकडून ऑगस्टात पैसे मागणारा हप्ता लिहिणं म्हणजे तो चुकणार हे आधीच ठरवणं. खावटी दरमहा ५,०००, दर एप्रिलला ३०० रुपयांनी वाढ. मुलीसाठी "योग्य तो" काढला आणि अकरावीपासून फीची पावती दाखवल्यापासून पंधरा दिवसांत निम्मी रक्कम, असं लिहिलं. नवऱ्याचा वकील अठरा वर्षांपर्यंतच म्हणत होता, पण १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीचा हक्क सज्ञान झाल्यावर संपत नाही. जुनं चौथं कलम पूर्ण वगळलं. खावटीचा हक्क सोडण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे, आणि मुलांचा हक्क तर आई सोडूच शकत नाही.

जमिनीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. उत्तरेकडचे नाल्यालगतचे दोन एकर ठरले. सोयाबीन निघाल्यावर भूमी अभिलेखची मोजणी आणि ३१ डिसेंबरच्या आत दस्त. दस्ताचा मसुदा परिशिष्ट म्हणून तिथेच जोडला, म्हणजे कुणी टाळाटाळ केली तर कोर्टाच्या सहीला तयार. खावटीला तारण म्हणून सासऱ्याच्या आणखी दोन एकरांवर बोजा, तोही नोंदणीकृत दस्तात.

मग मुद्रांक शुल्क. पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांच्या नावे शेतजमिनीचं बक्षीसपत्र महाराष्ट्रात २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. पण ती आता पत्नी नव्हती. २०२१ मध्ये अंतिम हुकुमाच्या आधी नवऱ्याने आपल्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करून दिलं असतं तर ही सवलत तिला मिळाली असती. परस्पर संमतीच्या प्रत्येक प्रकरणात शेती द्यायची असेल तर दस्त आधी आणि हुकूम नंतर, हे मी आता पहिल्याच बैठकीत सांगते.

दीर म्हणाला, सगळं नातवंडांच्याच नावे करा, दोनशेत होते. तिने मान हलवली. "पोरं मोठे झाले का मले कोन इचारते?" मला तिचं पटलं. शेवटी एक एकर तिच्या नावे पूर्ण शुल्क भरून, एक एकर दोन्ही मुलांच्या नावे सामाईक. मुलं अज्ञान (अठराच्या आतली), त्यामुळे आई पालक म्हणून दस्तात आणि निवाड्यातही स्पष्ट लिहिली, नाहीतर कायद्याने पहिला नैसर्गिक पालक बापच ठरतो. मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांचा एकर कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणालाच विकता येणार नाही.

डिसेंबरात दुय्यम निबंधकाकडे आणखी एक अडचण आली. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे, आणि बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन करण्यावर त्यात निर्बंध आहेत. ती शेतकरी असल्याचा पुरावा काय? माहेरचा सातबारा. वडील गेल्यावर वारसांत तिचं नाव लागलं होतं. २०२० मध्ये भावाने हक्कसोडीवर सही मागितली होती, आणि सासरचं भिजत पडलंय म्हणून तिने ती पुढे ढकलली होती. ती सही झाली असती तर त्या दिवशी दस्त अडला असता. बहिणींकडून रक्षाबंधनाच्या आसपास घेतल्या जाणाऱ्या या सह्या मला फार खुपतात. भावाला मी हे बाहेर व्हरांड्यात सांगितलं. तो काही बोलला नाही, पण नंतर त्याने तो विषय काढल्याचं तिने सांगितलं नाही.

आज

जानेवारीचा हप्ता वेळेवर आला. मार्चचा अकरा दिवस उशिरा आला, तेव्हा आम्ही काहीच केलं नाही. खावटी चालू आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. जून २०२५ मध्ये तिने दोन्ही एकरांत पऱ्हाटी लावली, तासात तूर टाकली.

राहिला आहे तो रस्ता. निवाड्यात धुऱ्यावरून आठ फुटांची वहिवाट लिहिली आहे, पण दिराने त्या वाटेवर तुरीच्या दोन ओळी पेरल्या, बैलबंडी जात नाही. कापूस डोक्यावर आणावा लागतो. मामलतदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तूर निघायची वाट पाहिली असती तर मुदत गेली असती, म्हणून नोव्हेंबरात अर्ज टाकला.

अर्ज लिहायला ती आली तेव्हा वहीच्या पानावर सगळं मांडून आणलं होतं: गट क्रमांक, रस्त्याची रुंदी, तूर पेरल्याची तारीख, आणि नाल्यापासून धुऱ्यावरच्या बाभळीपर्यंतचं अंतर, मुलाला दोरीचं टोक धरायला लावून स्वतः मोजलेलं.